उथळ पाण्यातले खडक

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली होडी सरळ जात नाही. अंतर किलोमीटरभरही नसतं, समोर तटबंदी स्वच्छ दिसत असते, तरी तांडेल होडी आधी एका अंगाला घेतो आणि मगच किल्ल्याच्या दिशेनं वळवतो. कारण मधल्या पाण्यात खडक आहेत. त्यांतले काही ओहोटीला डोकं वर काढतात, तर काही बारा महिने पाण्याखालीच असतात. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, तेव्हा जागा निवडताना या खडकांचा विचार झालेला होता. शत्रूच्या मोठ्या जहाजाला या पाण्यातून तटापर्यंत पोहोचणं अवघड होतं. वाट माहीत असलेल्या स्थानिक होडीवाल्यालाच ते जमत असे.

आज याच खडकांवर स्कूबा डायव्हिंगसाठी महाराष्ट्रभरातून लोक येतात. इथली खोली साधारण चार ते दहा मीटर. डायव्हिंग करणाऱ्यांत ही खोली किरकोळ मानली जाते. अनुभवी मंडळी अंदमान, लक्षद्वीप किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाच्या गोष्टी सांगतात आणि मालवणचा उल्लेख ‘सुरुवातीला ठीक’ एवढ्यावर संपवतात. या प्रकरणात मला याच्या उलट बाजू मांडायची आहे. समुद्राच्या पहिल्या दहा मीटरांत सूर्यप्रकाश सर्वांत जास्त असतो आणि म्हणून जीवसृष्टीही दाट असते. शरीरावरच्या दाबाचं प्रमाण याच पट्ट्यात सर्वांत झपाट्यानं बदलतं. माणसाच्या हातून होणारी नासधूसही इथेच सर्वाधिक होते. त्यामुळे उथळ पाण्यातला खडक नीट पाहायला कौशल्य लागतं आणि त्याहून जास्त लागते ती जबाबदारी.

वाळूच्या पसाऱ्यात आधार

कोकण किनाऱ्यालगतचा समुद्रतळ बराचसा वाळूचा आणि चिखलाचा आहे. पावसाळ्यातल्या लाटा हा तळ ढवळून काढतात, वाळू एका जागची दुसरीकडे नेऊन टाकतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथले वाळूचे दांडे दरसाल थोडे सरकलेले दिसतात. अशा तळावर कायमचं चिकटून राहणाऱ्या जिवाला थारा मिळत नाही. तिसऱ्या आणि खुबे वाळूत स्वतःला पुरून घेतात, कुर्ल्या बिळं करतात. पण ज्यांना जन्मभर एका जागी बसायचं आहे, त्यांना कठीण पृष्ठभागच हवा.

कालवं, बार्नेकल, स्पंज आणि प्रवाळ हे सगळे याच प्रकारात मोडतात. त्यांच्या आयुष्याची सुरुवात मात्र तरंगत्या अवस्थेत होते. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या त्यांच्या अळ्या काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे प्रवाहाबरोबर फिरतात. त्या मुदतीत योग्य जागा सापडली तर अळी तिथे चिकटते, रूप बदलते आणि पुन्हा कधीच हलत नाही. जागा न सापडलेल्या अळ्या मरून जातात. लाखो अळ्यांपैकी मोजक्याच वाचतात. म्हणून वाळूच्या विस्तारात मोटारीएवढा खडक असला तरी त्याचा इंचन्‌इंच कुणी ना कुणी बळकावलेला असतो. त्या जागेसाठी सतत चढाओढ चालू असते. एक जण दुसऱ्याच्या अंगावर वाढतो, तिसरा रसायन सोडून शेजाऱ्याला दूर ठेवतो. काही प्रवाळ रात्री आपल्या आतड्यांचे धागे बाहेर काढून शेजारच्या प्रवाळाचा जिवंत थर पचवून टाकतात.

चिकटलेल्यांच्या आधारानं फिरते जीव येतात. कपारीत शेवंड आणि खेकडे राहतात, फटीत गोब्रा दबा धरून बसतो, शेवाळावर चरणारे मासे येतात आणि त्यांच्या मागावर तांबोशीसारखे शिकारी मासे येतात. मालवणचे गाबीत मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या हे ओळखून आहेत. कोणत्या खडपाजवळ कोणत्या दिवसांत कोणती मासळी लागते, याचं ज्ञान त्यांच्याकडे पाठ्यपुस्तकांच्या कितीतरी आधीपासून आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. मालवणला प्रवाळ आहेत, पण लक्षद्वीपची बेटं जशी प्रवाळांनीच घडवलेली आहेत तसं इथे झालेलं नाही. इथला खडक आधीचा आहे आणि प्रवाळ त्यावर येऊन वसलेले आहेत. तेही बहुतेक गोलाकार, ढेकळासारखे किंवा खडकाला पसरून बसणारे. पोराइट्स, गोनियास्ट्रिया, फेव्हाइट्स, टर्बिनारिया ही त्यांतली काही नावं. माहितीपटांत दिसणारी नाजूक, शिंगांसारखी फांदीदार प्रवाळं इथे फारशी आढळत नाहीत. याचं उत्तर कोकणच्या पावसात आहे. जून ते सप्टेंबरच्या दरम्यान सिंधुदुर्गात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो गड आणि कर्ली या नद्यांतून, कोळंबच्या खाडीतून, लाल मातीसह समुद्रात येतो. किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारटपणा उतरतो, प्रकाश कमी होतो आणि प्रवाळांवर गाळ बसतो. जे प्रवाळ अंगावर बुळबुळीत स्राव तयार करून गाळ झटकू शकतात, तेच इथे तग धरतात. मालवणचे प्रवाळ दिसायला साधे आहेत, पण दरवर्षीची ही परीक्षा पार करून टिकलेले आहेत.

पहिल्या दहा मीटरांचं गणित

समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो, त्याला एक वातावरण म्हणतात. समुद्रात दर दहा मीटरांवर त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. आपल्या शरीराचा बहुतेक भाग पाण्याचा असल्यानं त्याला या दाबाचं काही वाटत नाही. प्रश्न येतो तो हवेच्या पोकळ्यांचा: फुप्फुसं, कान आणि चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलनं सांगितलेला हा नियम स्कूबा डायव्हिंगचा पाया आहे.

आता आकडे जरा जवळून पाहू. तीस मीटरवरून वीसवर आलं, की हवा एक तृतीयांशानं फुगते. वीसवरून दहावर आलं की दीडपट होते. पण दहावरून पृष्ठभागावर आलं की दुप्पट होते. अंतर तेवढंच, बदल मात्र सर्वांत मोठा. डायव्हिंगचा पहिला नियम यातूनच येतो: पाण्याखाली सिलिंडरमधली हवा घेताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पूर्ण भरलेली फुप्फुसं घेऊन, श्वास कोंडून जेमतेम दीड मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. हवा रक्तात शिरली तर ती जिवावर बेतते. पोहण्याच्या तलावाइतक्या खोलीवरही हा धोका असतो, हे पहिल्यांदा डायव्हिंगला जाणाऱ्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

कानाचं दुखणंही उथळ पाण्यातच सुरू होतं. मधल्या कानातली हवा दाबली गेली की पडदा आत ओढला जातो आणि एक-दोन मीटरवरच ठणका जाणवतो. नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलली, की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब समान होतो. हे दुखायला लागायच्या आधीच, दर थोड्या अंतरावर करत जायचं असतं. सर्दी असेल तर ही नळी सुजलेली असते. त्या दिवशी पाण्यात न उतरणं हाच उपाय. जोर लावून पडदा फाटल्याची उदाहरणं कानाच्या डॉक्टरांना नवी नाहीत.

पाण्याखाली श्वास घेता येण्यामागे १९४३ मधला एक शोध आहे. फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारा झडपेचा रेग्युलेटर बनवला. युद्धकाळात पेट्रोल मिळत नसल्यानं मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यां यांनी एक झडप तयार केली होती. तिचंच हे रूपांतर. डायव्हर श्वास ओढतो तेव्हाच ही झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देते. म्हणून छातीवर पाण्याचा भार असूनही श्वास सहज घेता येतो. त्याची किंमत अशी, की १० मीटरवर प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा खर्च होते. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं भरलेली हवा बाहेरच्या मापानं २,४०० लिटर असते. मिनिटाला २० लिटर लागत असतील तर जमिनीवर ती दोन तास पुरेल, १० मीटरवर एकच तास. त्यातूनही परतीसाठी राखीव हवा ठेवायची असते. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्याचं सिलिंडर अर्ध्या वेळात रिकामं होतं. शांत माणूस पाण्याखाली जास्त वेळ राहतो.

दाबामुळे रक्तात विरघळणारा नायट्रोजन ही खोल डायव्हिंगची मोठी चिंता. वर येताना तो बुडबुड्यांच्या रूपात सुटू नये म्हणून टप्प्याटप्प्यानं वर येण्याची शास्त्रीय पद्धत जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये मांडली. दहा मीटरपर्यंतच्या खडकावर ही चिंता बरीच कमी होते, कारण एका सिलिंडरमधली हवा नायट्रोजनच्या मर्यादेच्या कितीतरी आधी संपते. तरीही एकाच दिवशी अनेकदा पाण्यात उतरलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नेहमीचा दंडक असा, की एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो. मालवणहून घाटमाथ्यावर जाणाऱ्यांनाही हेच कारण लागू पडतं. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. भरपूर डायव्हिंग करून त्याच संध्याकाळी गाडी घाट चढवण्यापेक्षा एक रात्र किनाऱ्यावर काढलेली चांगली.

पाणी हिरवं का दिसतं

उघड्या डोळ्यांनी पाण्याखाली धूसर दिसतं. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा करतो. त्यासाठी पडद्यासमोर हवा असावी लागते. समोर पाणी आलं की त्याची ताकद जवळजवळ संपते. मास्क लावल्यावर डोळ्यांपुढे पुन्हा हवेचा थर येतो आणि दृष्टी परत मिळते. मात्र पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो आणि त्यामुळे वस्तू सुमारे एक तृतीयांशानं मोठ्या आणि सुमारे एक चतुर्थांशानं जवळ आल्यासारख्या दिसतात. वर आल्यावर माशाच्या आकाराबद्दल ऐकू येणारी बरीच अतिशयोक्ती प्रामाणिक असते.

रंगांचं गणित निराळं. पाणी सर्वांत आधी लाल रंग शोषून घेतं. पाच-सहा मीटरवर लाल स्पंज तपकिरी दिसतो, त्याखाली नारिंगी फिकट पडतो. भर दिवसाही डायव्हर सोबत बॅटरी नेतात ते यासाठी. कपारीत झोत टाकला की करड्या वाटणाऱ्या खडकावर लाल, केशरी आणि जांभळे थर दिसू लागतात.

खोल समुद्राचं नितळ पाणी निळं दिसतं, मालवणचं हिरवट. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावानं ओळखलं जाणारं हे पठार किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्यानं तिथलं पाणी निळं आणि नितळ असतं. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती आणि नद्यांनी आणलेली सेंद्रिय द्रव्यं असतात. ती निळा प्रकाश शोषतात आणि हिरवा पुढे जाऊ देतात. पर्यटक या हिरवटपणाला ‘घाण पाणी’ म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं. ज्या सूक्ष्म वनस्पतींमुळे पाणी हिरवं दिसतं, त्याच बांगड्या-तारल्यांच्या अन्नसाखळीचा पाया आहेत. कोकणच्या ताटातली मासळी या हिरव्या पाण्याची देणगी आहे.

पाण्याखाली शांतता असते ही समजूतही खरी नाही. खडकाजवळ गेलं की कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट ऐकू येतो. तो करते पिस्तूल कोळंबी. बोटाएवढी ही कोळंबी आपला मोठा नांगा इतक्या वेगानं मिटते, की पाण्याचा फवारा उडून मागे कमी दाबाचा बुडबुडा तयार होतो. तो बुडबुडा फुटल्याचा हा आवाज. नांग्यांच्या आपटण्यातून तो येत नाही, हे २००० मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून अधिक वेगानं. त्यामुळे दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच वेळी पोहोचतो आणि कुठून आला ते कळत नाही. वरून जाणाऱ्या होडीचं इंजिन ऐकू येतं, पण होडी कुठल्या बाजूला आहे ते सांगता येत नाही. वर येताना मान वर करून, हात उंचावून, सावकाश यायचं ते म्हणूनच.

एका खडकापाशी थांबून

नवखा डायव्हर भराभर पोहतो, त्याला सगळं पाहायचं असतं. खडकाची गोष्ट मात्र थांबणाऱ्यालाच कळते. सहा मीटरवरचा एक पोराइट्स प्रवाळ घेऊ. पिवळट-तपकिरी, गुळगुळीत, गोलसर. लांबून दगडच वाटतो. हातभर अंतरावरून पाहिलं की पृष्ठभागावर मिलिमीटरभर रुंदीचे असंख्य खळगे दिसतात. प्रत्येक खळग्यात एकेक प्राणी आहे, पॉलिप. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा पॉलिपला देतं. बदल्यात त्याला आसरा आणि पॉलिपच्या शरीरातला नायट्रोजनयुक्त कचरा खत म्हणून मिळतो. पॉलिप स्वतःखाली चुनखडीचा थर टाकत राहतो आणि पोराइट्स वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीचा हा गोळा तीसेक वर्षांचा आहे. पायातल्या फिनचा एक फटका त्याचा जिवंत थर खरवडून काढतो. तो थर खडकावर कागदासारखा पातळ पसरलेला असतो.

प्रवाळाशेजारी शेवाळाचा पट्टा, आणि त्यावर चरणारा पोपटमासा. त्याचे दात एकमेकांना जुळून चोच झालेली आहे. तो खडक खरवडतो तेव्हा त्याचा आवाज ऐकू येतो. शेवाळासोबत तोंडात आलेला चुना तो घशातल्या दातांनी दळतो आणि वाळूच्या रूपात बाहेर टाकतो. त्याच्या चरण्यामुळे शेवाळ आटोक्यात राहतं आणि प्रवाळाच्या अळीला बसायला उघडा खडक मिळतो. पोपटमासे कमी झाले तर काही वर्षांत शेवाळ प्रवाळावर मात करतं.

थोडं पुढे, खडक संपून वाळू सुरू होते तिथे, कटलफिश दिसण्याची शक्यता असते. बाजारात माकूल म्हणून मिळतं त्याच गोतावळ्यातला हा प्राणी. पाण्यात तो जागच्या जागी तरंगतो, कडेची झालर हलत राहते, बाहुली इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराची. खडकावर असताना त्याची त्वचा खडबडीत आणि ठिपकेदार, वाळूवर सरकताच एका सेकंदात गुळगुळीत आणि फिकट. त्वचेत रंगद्रव्याच्या लाखो पिशव्या असतात, प्रत्येकीभोवती स्नायू असतात आणि मेंदू त्यांना थेट आज्ञा देतो. एवढं रंगकौशल्य असलेल्या या प्राण्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचा एकच प्रकार असतो, म्हणजे आपल्या अर्थानं तो रंगांध असतो. त्याला तीन हृदयं आहेत आणि रक्तात लोहाऐवजी तांबं असल्यानं ते निळसर असतं. त्याच्याकडे पाहत पाच मिनिटं निश्चल राहिलं, तर तो आपल्याला धोका समजणं सोडून देतो. पाठलाग केला तर शाईचा ढग सोडून निघून जातो.

निश्चल राहणं मात्र शिकावं लागतं. पाण्यात ना वर जायचं ना खाली, अशा अवस्थेत राहण्यासाठी कमरेचं वजन, जाकिटातली हवा आणि स्वतःचा श्वास यांचा मेळ बसावा लागतो. जाकिटातल्या हवेनं ढोबळ तोल साधायचा आणि बारीक तोल फुप्फुसांनी. एक लिटर हवा जास्त आत घेतली की सुमारे एक किलो उचल मिळते. श्वास घेतला की अंग किंचित वर, सोडला की किंचित खाली. हे जमलेला डायव्हर हात छातीशी घेऊन खडकापासून वीतभर अंतरावर तरंगू शकतो. उथळ पाण्यात हे सर्वांत कठीण असतं, कारण थोडंसं वरखाली झालं तरी जाकिटातल्या हवेचं आकारमान झपाट्यानं बदलतं, आणि वरून येणारी लाटही अंग हलवत राहते. चार मीटरवर स्थिर राहता आलं, तर वीस मीटरवर राहणं सोपं जातं.

भांगाचे दिवस

मालवणच्या खडकांवर बारमाही जाता येत नाही. मे महिना सरताना समुद्र खवळू लागतो, तेव्हा जलक्रीडा बंद होतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. सप्टेंबरपर्यंत पाण्यात गाळ असतो. ऑक्टोबरनंतर तो बसू लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा साधारणपणे चांगला काळ. पाण्याचं तापमान २६ ते ३० अंशांच्या आसपास असतं. ऐकायला हे उबदार वाटतं, पण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं शरीराची उष्णता ओढतं. पाऊण तासानं हुडहुडी भरते, म्हणून पातळ वेटसूट हवाच.

महिन्यातले कोणते दिवस निवडायचे हे मच्छीमारांना विचारावं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, भरती-ओहोटीतला फरक मोठा, पाण्याला ओढ जास्त आणि तळ ढवळलेला. अष्टमीच्या आसपास भांग येतो, पाणी कमी हलतं आणि निवळतं. भांगाच्या दिवशी, भरती पुरी होत आलेली असताना, बाहेरचं स्वच्छ पाणी खडकांवर आलेलं असतं. याच खडकावर एका दिवशी दोन मीटरपलीकडचं दिसत नाही आणि आठवड्यानं आठ मीटरवरचा मासा ओळखू येतो.

खडकांवरचा भार

सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८२ चौरस किलोमीटरचा. अभयारण्यामुळे मासेमारीवर गदा येईल या भीतीनं स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि पोटाचा प्रश्न असलेल्या माणसांची ती भीती समजण्यासारखी आहे. त्यानंतर पर्यटन आलं. अनेक मच्छीमार कुटुंबांना त्यातून दुसरं उत्पन्न मिळालं, गावातले तरुण प्रशिक्षित डायव्हर झाले. ही चांगली गोष्ट झाली.

पण गर्दी वाढली. मालवणला येणारे बहुतेक जण पहिल्यांदाच पाण्याखाली जातात, काहींना पोहताही येत नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या ओळखीच्या डाइव्हमध्ये तोल साधायला शिकवणं शक्य नसतं. मग फोटोसाठी पाहुण्याला खडकावर उभं केलं जातं, प्रवाळ धरायला सांगितलं जातं, मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकला जातो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मालवणच्या अभयारण्यात पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचं नोंदवलं आहे. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे, म्हणजे कागदावर त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे.

वरून हवामानाचं संकट. पाण्याचं तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशानं जरी काही आठवडे वाढलं, तरी पॉलिप आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतो आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही. पाणी निवळलं, थंड झालं, तर शैवाल परत येतं. पण उपाशी, पांढऱ्या पडलेल्या प्रवाळावर गाळ आणि फिनचे फटके बसत राहिले तर तो सावरत नाही. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या प्रवाळांवरचं असं चौथं व्यापक संकट जाहीर झालं. समुद्राचं तापमान मालवणकरांच्या हातात नाही. खडकावर कुणाला उभं करायचं आणि नांगर कुठे टाकायचा, हे त्यांच्या आणि आपल्या हातात आहे.

काही उपाय दिसू लागले आहेत. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गच्या समुद्रात बुडवून तिथे कृत्रिम खडक आणि पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानं हाती घेतला. लोखंडाचा सांगाडा नवख्यांना सराव करायला दिला तर नैसर्गिक खडकांवरचा भार हलका होईल. त्यासोबत खडकांजवळ कायमचे बोये हवेत, म्हणजे प्रत्येक होडीला नांगर टाकावा लागणार नाही. एका वेळी एका खडकावर किती माणसं उतरवायची यालाही मर्यादा हवी. हे स्थानिक होडीवाले आणि डायव्हर यांना बरोबर घेऊनच होऊ शकतं, कारण खडक टिकले तरच त्यांचं उत्पन्न टिकणार आहे.

वाचकांपैकी अनेक जण कधी ना कधी मालवणला जातील, पाण्यातही उतरतील. त्यांना एवढंच सांगायचं आहे. प्रकृतीची माहिती लपवू नका. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं किंवा साधी सर्दी असली तरी आधी सांगा. प्रशिक्षकाकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आहे का, होडीवर ऑक्सिजन आहे का, हे विचारायला संकोच करू नका. खडकावर पाय टेकवायला किंवा मासे जमवण्यासाठी पाव टाकायला कुणी सुचवलं, तर स्पष्ट नकार द्या. पाहुण्यांकडून मागणीच आली नाही, तर असे प्रकार कुणी करणार नाही. आणि हा अनुभव आवडला, तर पुढच्या सुट्टीत तीन-चार दिवस काढून रीतसर अभ्यासक्रम करा, तरंगायला शिका, मग पुन्हा याच खडकांवर या. खडकाला हात न लावता त्याच्यापाशी थांबता येणं, हीच डायव्हर म्हणवून घेण्याची किमान पात्रता आहे.